अंगठ्यावरचा गॅस

ही लाल गाडी तुमची सर, ती पिवळी मॅडमची.
चार चाकं आहेत म्हणून कार समजू नका,
हँडल आहे म्हणून बाइकही नाही.
मधलीच काहीतरी आहे,
खेचरासारखी.
गॅस मुठीत नसतो, अंगठ्यावर असतो.
हळू दाबायचा.
शाई लावल्यासारखा.

हे मी रोज बोलतो, सहा वेळा, शुद्ध.
मालकाने बजावलंय, ‘जी’ म्हणायचं नाही,
‘सर’ म्हणायचं.
धक्क्यावरच्या फलकावर लिहिलंय ‘ट्रॉपिकल आयलंड’
आणि बाजूला वाकडा नारळ काढलाय.
इथे नारळ नाही एकही.
दोन कुंड्यांत शोभेचे पाम होते,
ते मेच्या उन्हात केरसुण्या झाले.

आजचे सर वऱ्हाडपांडे, अकोल्याचे,
लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आलेले.
हेल्मेटचा पट्टा लावताना विचारतात,
हे बेट नैसर्गिक आहे का हो?
होय म्हणायचं ठरलंय.
मी म्हणतो, डोंगर नैसर्गिक आहे सर.
पाणी नंतर आलं.

निघालो. मी पुढे.
सागाची पानं चाकाखाली पापडासारखी मोडतात,
मुरूम मागे उडतो, ऐनाची खोडं
मगरीची पाठ दाखवत बाजूने सरकतात.
ओढ्यात गुडघाभर पाणी.
मॅडम किंचाळल्या, आणि पलीकडे पोचताच म्हणाल्या,
पुन्हा एकदा जाऊ या.
पुन्हा गेलो. त्याचे वेगळे पैसे असतात,
मी लावले नाहीत.

चढावर पाच मोह आहेत.
हा झिबल मडाव्याचा, हा कोतवालाचा,
हा आमचा,
तो थोराड दोन भावांत वाटलेला:
उगवतीकडच्या फांद्या एकाच्या, मावळतीकडच्या दुसऱ्याच्या,
आणि मधोमध पडलेल्या फुलांवरून
दरवर्षी भांडण.
आता फुलं पडतात ती पडूनच राहतात.
अस्वल पोहून येतं म्हणतात. मी पाहिलं नाही.
पावलं पाहिलीत.
यातलं काही मी सांगत नाही,
पॅकेजमध्ये नाही ते.

चढामागे उतार.
तिथे थांबायचं, फोटो काढायचे, वळायचं.
सर थांबले नाहीत.
घाबरलेला माणूस मूठ आवळतो,
मूठ आवळली की अंगठा दबतो,
अंगठा दबला की गाडी त्याचं ऐकते.
खाली रस्ता सरळ पाण्यात जातो.

“सोडा न जी! अंगठा सोडा न जी, बुडसान!”

किती दिवसांनी ओरडलो मी असा,
माझ्या आवाजात.

पुढची दोन चाकं पाण्यात गेली आणि गाडी थांबली.
सायलेन्सरवर वाफ. एक पाणकोंबडी
नाराज होऊन उठली.
मॅडम आधी ओरडल्या सरांवर, मग हसल्या, मग
डोळे पुसत बसल्या दगडावर.
सर तसेच, हँडल धरून,
पाण्यात शिरणारं डांबर बघत.
म्हणाले, हा रस्ता पुढे कुठे जातो?

मी म्हणालो, पहिल्यांदा पार लागतो जी.
मग पिठाची गिरणी.
मग डावीकडे आम्ही.

बापाने एकदाच दाबला होता अंगठा,
टेबलावर, मांडवाच्या सावलीत,
काही जोर न लावता.
त्याला कोणी ओरडून सांगितलं नाही.

सरांनी जाताना शंभराची नोट दिली
आणि हात मिळवला, दोन्ही हातांनी.

संध्याकाळी गाड्या धुतो.
टायरच्या खाचा स्क्रू-ड्रायव्हरने कोरतो:
चिखल, चारोळीच्या बिया, सागाचा देठ,
एकदा कानातलं सापडलं होतं, ते ऑफिसात दिलं.
पाणी शेडमागे वाहत जातं.
तिथे पावसाळ्यात चाकात अडकून आलेल्या टोरींतून
मोहाची सात रोपं उभी आहेत, वीतभर.
मालकाला ओळखू येत नाहीत.
म्हणतो, रेवनाथ, मागचं गवत काढून टाक.

काढतो मी.
गवत.